वसई ते लिस्बन : अंतर आठ हजार किलोमीटर, उत्तर वीस महिन्यांनी

१/ वसईचा किल्ला आणि मुंबईचा विमानतळ यांत सरळ रेषेत ३० किलोमीटरही अंतर नाही. तेथून लिस्बन सुमारे ८,००० किलोमीटर. वाटेत न थांबणाऱ्या विमानाला हे अंतर कापण्यास साडेनऊ-दहा तास पुरतील. १७३९ मध्ये वसई पोर्तुगिजांच्या हातून गेली, तेव्हा हेच अंतर त्यांना भोवले.

२/ गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे दोनशे वर्षे उत्तर कोकणातील त्यांच्या सत्तेचे हे मुख्य ठाणे होते. व्हाइसरॉय गोव्यात, राजा मात्र लिस्बनला.

३/ जहाजांचे वेळापत्रक मोसमी वारे ठरवीत. साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये लिस्बन सोडायचे, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालायचा आणि सप्टेंबरच्या सुमारास गोवा गाठायचा. परतीचा प्रवास डिसेंबर-जानेवारीत सुरू होई.

४/ याचा हिशेब असा : जानेवारीत गोव्याहून निघालेले पत्र पावसाळ्याच्या सुमारास लिस्बनला पोहोचे. उत्तर घेऊन जहाजे निघत ती पुढच्या मार्चमध्ये. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांत सुमारे वीस महिने. बसऱ्याकडून जाणारी खुष्कीची वाट टपालाला जवळची होती. पण तिने फौज आणि तोफा येणे शक्य नव्हते.

५/ १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली. फेब्रुवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पा वसईसमोर उभे राहिले. त्याच वर्षाच्या आरंभी मराठी फौजा गोव्यावरही चालून गेल्या होत्या. त्यामुळे जवळची मदतही अडकून पडली. मुंबईचे इंग्रज तर खाडीपलीकडेच होते. पण त्यांनी मराठ्यांशी उघड वैर पत्करले नाही.

६/ चिमाजी आप्पांचे पाठबळ मात्र घाटावर, पुण्यात होते. जासुदाच्या हातचे पत्र तेथे काही दिवसांत पोहोचे.

७/ मे महिन्यात पावसाळा तोंडावर आला. सुरुंगांनी तटबंदीला खिंडारे पडली आणि १६ मे १७३९ रोजी किल्ला शरण आला. आठवड्याभराने, २३ मे रोजी, पोर्तुगीज शिबंदी बाहेर पडली. वेढा जेमतेम तीन महिन्यांचा. तो सुरू झाला त्याच दिवशी जहाज निघाले असते, तरी किल्ला पडला तेव्हा ते समुद्रातच असते.

८/ लिस्बनने पुढे मार्क्विस ऑफ लॉरिसाल यास व्हाइसरॉय नेमून फौजेसह धाडले. १७४० मध्ये निघालेला हा ताफा गोव्याला पोहोचला तो मे १७४१ मध्ये. वसई पडून तोवर दोन वर्षे झाली होती.

९/ वसईच्या शिबंदीने निकराची झुंज दिली आणि मराठ्यांनी या विजयाची जबर किंमत मोजली. त्या शौर्याचे मोल कमी होत नाही. परंतु ज्या सत्तेची आज्ञा वीस महिन्यांनी येते, तिचा किल्ला अखेर आपल्या तटांच्या आणि शेजाऱ्यांच्या भरवशावरच उभा असतो. मे १७३९ मध्ये वसईला यांपैकी एकाचाही आधार उरला नव्हता.