'यू'शिवाय 'क्यू' : इंग्रजी शब्दांचा अवघड शोध

इंग्रजी शब्दकोश शब्दाच्या पहिल्या अक्षरापासून लावलेला असतो. शब्द ठाऊक असेल तर अर्थ क्षणात सापडतो. परंतु अमुक अक्षर शब्दात कुठेतरी आहे आणि तमुक अक्षर नाही, एवढ्याच खुणेवर शब्द हुडकायचा झाला, तर तोच कोश मुका होतो. याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे 'क्यू' असूनही ज्यांत त्यामागोमाग 'यू' येत नाही, असे शब्द.

'स्क्रॅबल' खेळणाऱ्यांना हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. इंग्रजी संचातील 100 सोंगट्यांत 'क्यू' एकच आणि 'यू' अवघे चार. 'क्यू'चे मोल 10 गुण. प्रतिस्पर्ध्याने आपल्या सोंगट्या संपवल्या आणि 'क्यू' हातात राहिला, तर प्रचलित नियमानुसार 10 गुण वजा होतात व तेवढेच प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जमा होतात. अटीतटीच्या डावात हा 20 गुणांचा फरक पराभवाला पुरेसा असतो.

'क्यू'ला 'यू'ची सोबत लागली ती इतिहासामुळे. जुन्या इंग्रजीत 'क्वीन' हा शब्द 'सी' आणि 'डब्ल्यू'च्या उच्चाराच्या अक्षरांनी लिहिला जाई. 1066 मधील नॉर्मन विजयानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी तेथे 'क्यू-यू' ही जोडी रूढ केली. साहजिकच 'यू'वाचून येणारे 'क्यू'चे शब्द बहुतांशी परभाषांतून आलेले आहेत. त्यांत सर्वांत मोठा वाटा अरबीचा. कंठाच्या तळातून उच्चारल्या जाणाऱ्या 'क'साठी रोमन लिपीत 'क्यू' योजण्याची पद्धत आहे.

मराठी वाचकाला या यादीत जुनी ओळखीची माणसे भेटावीत तसे होते. फकीर, काजी, निकाब, बुरखा, तलाक, वक्फ, कव्वाली, इन्किलाब, तालुकदार! लंडनचा खेळाडू जे शब्द घोकून पाठ करतो, ते पुण्यातल्या मुलाच्या कानावरून कधीच गेलेले असतात. मात्र कानावर सर्वस्वी विसंबता येत नाही. मराठी लेखनात अरबीचे दोन्ही 'क' एकाच अक्षराने लिहिले जातात आणि इंग्रजीही सुसंगत नाही. मुळात तोच कंठ्य 'क' असलेली 'किस्मत' इंग्रजीत 'के'ने सुरू होते, तर 'फकीर' 'के'नेही चालतो आणि 'क्यू'नेही. बुरख्यालाही दोन्ही रूपे आहेत.

अशी यादी हाताने करणे म्हणजे सारा कोश चाळणे. स्पर्धांत वापरल्या जाणाऱ्या कॉलिन्सच्या यादीत सुमारे 2 लाख 80 हजार शब्द आहेत. संगणकाला हे काम क्षणाचे. 1973 मध्ये युनिक्स प्रणालीत आलेली 'ग्रेप' ही आज्ञा असाच अक्षरबंध ओळीओळीतून शोधते. पण प्रश्न कसा विचारला, यावर उत्तर ठरते. 'क्यू आहे, यू कुठेही नाही' असे विचारल्यास इंग्रजी 'बुर्का' आणि 'तालुकदार' निसटतात, कारण त्यांत 'यू' आहे, फक्त तो 'क्यू'च्या आधी येतो. 'क्यूनंतर यू सोडून दुसरे अक्षर' असे विचारल्यास 'तलाक' हरवतो. त्याच्या शेवटीच 'क्यू' असल्याने पुढे अक्षरच नाही. 'क्यूनंतर लगेच यू नाही, मग शब्द तेथेच संपला तरी चालेल' ही मागणी केली, तरच जाळे पूर्ण पडते. बहुतेक चुकीच्या याद्या या एका पायरीवर घसरतात.

हातातील सर्वच अक्षरे वापरायची असतील, तर युक्ती वेगळी. शब्दातील अक्षरे वर्णक्रमाने मांडायची आणि तीच त्या शब्दाची किल्ली मानायची. 'लिसन' आणि 'सायलेंट' या दोन्ही इंग्रजी शब्दांची किल्ली एकच येते : ई, आय, एल, एन, एस, टी. जॉन बेंटली यांच्या 1986 मधील 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' या पुस्तकाने ही रीत संगणकाच्या विद्यार्थ्यांत लोकप्रिय केली. मुरलेले स्क्रॅबलपटू शब्द पाठ करतात तेही याच किल्ल्यांच्या आधारे.

यादी हाती आल्यावर ती कोणत्या कोशाची, हे पाहणे आवश्यक ठरते. उत्तर अमेरिकेत स्पर्धांसाठी स्वतंत्र शब्दसूची आहे. 'इन्किलाब' कॉलिन्समध्ये ग्राह्य आहे, त्या सूचीत नाही. याउलट 'ची' असा उच्चार असलेला, चिनी विचारातील जीवनशक्तीचा वाचक असा 'क्यू-आय' हा दोन अक्षरी शब्द दोन्हीकडे चालतो. उत्तर अमेरिकेच्या सूचीत तो 2006 मध्ये दाखल झाला. पटावर एखादा मोकळा 'आय' दिसला, की अडकलेल्या 'क्यू'ची सुटका होते.