बोरीवरचे गुराखी

माळरानाविषयीच्या जुन्या नोंदी शोधताना मला लिओनेल द निसव्हिल भेटला. कलकत्त्याच्या कचेरीत कारकुनी करता करता हा माणूस फुलपाखरांचा जाणकार झाला, म्हणून त्याच्याविषयी मला जरा जास्तच आपुलकी आहे. त्याच्या ग्रंथाचा तिसरा खंड १८९० साली निघाला. त्यात नखाएवढ्या एका निळसर फुलपाखराची लखनौकडची हकिकत आहे. अळ्या बोरीचा पाला खातात, भोवती मुंग्यांचा राबता असतो. आणि पुरी वाढ झाली की मुंग्या त्यांना खोडावरून खाली हाकत बुंध्याशी आणतात. कोष तिथे होतात. तिन्हीसांजेला गुरे गोठ्यात आणावीत, तसे!

ही उपमा गोड आहे, पण तिने फसायला होते. गुराखी गुरांचा मालक असतो. इथे मालक कोण? अळीच्या पाठीवर, शेपटाच्या बाजूला, गोड रसाची ग्रंथी असते. मुंगी मिशांनी थोपटते, थेंब पिते. मोबदल्यात अळीची राखण होते, असा अंदाज जुन्या निरीक्षकांनी बांधला होता. पुरावा मिळायला बराच काळ गेला. १९८१ साली नाओमी पीअर्स आणि पॉल मीड यांनी कोलोरॅडोतल्या अशाच एका निळ्या फुलपाखरावरचा प्रयोग प्रसिद्ध केला: मुंग्यांना झाडावर येऊ दिले नाही, तेव्हा परजीवी माश्यांनी पोखरलेल्या अळ्यांचे प्रमाण वाढले.

द निसव्हिलने फुलपाखरू, मुंगी आणि बोर एकाच हकिकतीत पाहिली. पुढे ज्ञानाच्या वाटण्या झाल्या. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेत चार्ल्स बिंगहॅम याने १९०३ साली मुंग्यांचा खंड लिहिला आणि १९०७ साली याच कुळातल्या फुलपाखरांचाही. माणूस एकच, खंड दोन. बोर गेली वनस्पतींच्या पुस्तकात. आणि हीच बोर आमच्या दख्खनच्या ज्या माळावर उगवते, तो माळ सातबाऱ्यावर पोटखराबा.

पोटखराब्यात जपण्यासारखे काही असेल, असे कोणाला वाटत नाही. आमच्याकडच्या एका माळावर वृक्षारोपणासाठी बोरी खणून काढल्या आणि खड्डे घेतले. रोपे दुसऱ्या उन्हाळ्यात वाळली. पावसानंतर मी गेलो, तेव्हा एका खड्ड्याच्या कडेला उरलेल्या मुळातून बोर फुटली होती. कोवळ्या शेंड्यावर चार-पाच मुंगळे घुटमळत होते. चष्मा सारखा करून पान उलटले. हिरवी, चपटी, तांदळाएवढी एक अळी होती.