चामराजपेट

चामराजपेट : बेंगळूरमधील (कर्नाटक) जुनी, आखीव वस्ती. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने ती १८९२ मध्ये किल्ल्याच्या पश्चिमेस वसवण्यात आली. सरळ रस्ते आणि काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या ही तिची ओळख. जुनी बैठी घरे मात्र झपाट्याने नाहीशी होत आहेत, आणि ही हानी भरून येणारी नाही.

या भागालगतचा टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल आवर्जून पाहावा. हैदर अलीने सुरू केलेले हे बांधकाम टिपूने १७९१ मध्ये पूर्ण केले. बांधणी मुख्यतः सागवानी. उंच खांब, त्यांवरील नक्षीदार कमानी, वरच्या मजल्यावरचे सज्जे आणि भिंतींवरच्या फुलापानांच्या रंगकामाच्या खुणा निवांतपणे न्याहाळाव्यात. शेजारी चिक्कदेवराज वडियार यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले द्राविड शैलीचे कोटे वेंकटरमण मंदिर आहे.

मराठी वाचकाला हा परिसर परका नाही. १६३८ नंतर बेंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. पुढे १६८७ मध्ये मोगलांनी ते शहाजींचे पुत्र व्यंकोजीराजांकडून जिंकले आणि नंतर ते चिक्कदेवराजांकडे गेले. त्या काळाचे ठळक अवशेष इथे दिसत नाहीत, म्हणून हा इतिहास जाणून घेऊनच यावे.

कन्नड साहित्य परिषद (स्थापना १९१५) येथेच आहे. फोर्ट हायस्कूलच्या मैदानावरील श्रीरामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव १९३९ पासूनच्या परंपरेचा असून त्यात कर्नाटक संगीताबरोबर हिंदुस्थानी गायन-वादनही होते.