गळ्यांतला पट्टा



संध्याकाळच्या वेळीं शहरांतल्या कोणत्याहि बागेंत घडणारा एक प्रसंग आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचा असेल. एक देखणें, धष्टपुष्ट कुत्रें मोकळें धांवत येतें, खेळणारें मूल किंचाळून आईच्या पदराआड शिरतें, आणि हातांत सांखळी गुंडाळून दुरून येणारे मालक हंसत सांगतात, "भिऊं नका, तो कांहीं करीत नाहीं!" हे गृहस्थ खोटें बोलत नसतात. परंतु त्यांच्या या आश्वासनाची जबाबदारी कोणीं घ्यावयाची, हा प्रश्न उरतोच. हा प्रश्न जुना आहे. त्याच्यापायीं मुंबई शहरांत एकदां दंगाहि झालेला आहे.

ती हकीकत १८३२ सालची. उन्हाळ्याच्या ठराविक दिवसांत रस्त्यांवरचीं भटकीं कुत्रीं मारून टाकावीं, असा नियम मुंबईंत १८१३ पासून होता. त्याच्या मुळाशीं भीति होती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर त्या काळीं इलाज नव्हता. पाश्चरची लस माणसाला प्रथम टोंचली गेली ती १८८५ सालीं. जलसंत्रासानें मरणारा रोगी ज्यानें एकदां पाहिला, त्याला ही भीति समजावून सांगावी लागत नसे. १८३२ सालीं या मोहिमेची मुदत जून महिन्यापर्यंत वाढविण्यांत आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागें आठ आणे मिळत. बक्षिसाच्या लोभानें पाळींव कुत्रींहि घरांतून ओढून नेलीं जातात, अशी तक्रार लोक करूं लागले.

पारशी समाजाला हें सहन होणें शक्य नव्हतें. त्यांच्या धर्मांत कुत्र्याला पवित्र मानतात. मृताच्या देहावर कुत्र्याची दृष्टि पडावी म्हणून 'सगदीद' नांवाचा विधि असतो. ६ जून रोजीं कोटांत कुत्रीं मारणाऱ्या शिपायांवर जमाव तुटून पडला. त्या जमावांत पारश्यांबरोबर हिंदूहि होते. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद झालीं, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली, आणि अखेर फौज बोलावून धरपकड करावी लागली. पुढें कुत्रीं ठार न मारतां शहराबाहेर नेऊन सोडावीं, असें ठरलें. १८३४ सालीं जमशेटजी जीजीभाई प्रभृति धनिकांच्या पुढाकारानें मुंबईची पांजरापोळ उभी राहिली.

या दंग्यांत बरोबर कोण होतें? माझ्या मतें, दोन्ही पक्षांच्या बाजूस कांहीं सत्य होतें. रस्त्यांतल्या मुलाचा जीव जपणें हें सरकारचें कर्तव्यच होतें. आणि पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेलें जनावर आठ आण्यांसाठीं मारलें जाऊं नये, ही मागणीहि न्याय्य होती. अडचण होती ती एकच. रस्त्यावर मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्याकडे पाहून तें कोणाचें, आणि त्याच्याबद्दल जबाब कोण देणार, हें ओळखण्याचें साधन नव्हतें. जेथें मालक दिसत नाहीं, तेथें दंडुका दिसूं लागतो.

गंमत अशी कीं, या अडचणीचें उत्तर पारश्यांच्या धर्मग्रंथांतच होतें. 'वेंदिदाद' ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणांत कुत्र्यांविषयीं विस्तारानें सांगितलें आहे. कुत्र्याला वाईट अन्न घालणाऱ्याला तेथें शिक्षा आहे. परंतु घरांतलें कुत्रें वेडें होऊन चावूं लागलें, तर त्याच्या गळ्यांत लांकडी पट्टा घालून त्याला आवरावें, अशीहि तेथें आज्ञा आहे. आणि त्याच कुत्र्यावर एखाद्या धर्मबांधवाप्रमाणें उपचार करावे, असेंहि पुढें म्हटलें आहे. माया आणि बंधन यांत त्या शास्त्रकारांना विरोध दिसला नाहीं.

हाच धडा इंग्लंडनें अर्धशतकाहून अधिक काळानें गिरविला. १८९७ सालीं शेतकी मंडळाचे अध्यक्ष वॉल्टर लाँग यांनीं रोग असलेल्या जिल्ह्यांतून कुत्र्यांना मुसकें बांधण्याचे कडक हुकूम काढले. श्वानप्रेमी मंडळी खवळली. मुक्या जिवाचा हा छळ आहे, असा गिल्ला झाला. लाँगसाहेब मागें हटले नाहींत, आणि १९०२ सालीं जलसंत्रास त्या देशांतून नाहींसा झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सैनिकांनीं प्रेमापोटीं चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर १९१८ सालीं तो परत आला, आणि त्याला पुन्हा घालवितां घालवितां १९२२ साल उजाडलें. 'माझें कुत्रें निरोगी आहे' असेंच त्या सैनिकांनाहि वाटलें असेल!

आपला कायदा या बाबतींत मुग्ध नाहीं. आपल्या ताब्यांतील जनावरापासून दुसऱ्यास इजा होऊं नये एवढी काळजी न घेणें, हा १८६० च्या दंडसंहितेपासून गुन्हा आहे; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत त्यास सहा महिनेपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीहि सांगितलीं आहेत. परंतु शिक्षा होते ती दंश झाल्यानंतर. लस आज गांवोगांवीं मिळते, तरी रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे तो आजहि जवळजवळ नेहमींच प्राण घेतो. म्हणून काळजी आधींच घ्यावयाची असते.

कुत्र्याला धांवावयास हवें, हें मला मान्य आहे. त्यासाठीं कुंपणाचें आवार शोधावें, लांब दोरी घ्यावी, पहांटे उठावें. तो त्रास मालकानें सोसावा, परक्याच्या मुलानें नव्हे. 'तो कांहीं करीत नाहीं' हें मालकाला ठाऊक असतें, त्या मुलाला ठाऊक नसतें. त्याला दिसते ती सांखळी, आणि तिच्या दुसऱ्या टोंकाला असलेला माणूस. १८३२ च्या जून महिन्यांत मुंबईच्या रस्त्यांवर जीं कुत्रीं मेलीं, त्यांच्या बाजूनें बोलणारे पुष्कळ निघाले. पण ते निघाले तेव्हां त्या कुत्र्यांना उशीर झाला होता.