कर्नल-बांधणीतील कालबाह्य कंपायलर फ्लॅग

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचा सोर्स कोड यंत्रभाषेत उतरवताना कंपायलरला दिल्या जाणाऱ्या, पण गरज संपूनही मेकफाइलमध्ये राहून गेलेल्या सूचना. त्या शोधून काढून टाकणे हा कर्नलच्या देखभालीचा नेहमीचा भाग आहे. येथील विवेचन मुख्यतः लिनक्स आणि जीसीसी कंपायलरला धरून आहे.

कारणे : फ्लॅग तीन कारणांनी कालबाह्य होतात. पहिले, हार्डवेअर मागे पडते. 2013 मधील लिनक्स 3.8 मध्ये इंटेल 386 प्रोसेसरचा आधार काढला गेला आणि त्याच्यासाठीचा फ्लॅगही गेला. दुसरे, भाषेचे मानक बदलते. कर्नल अनेक वर्षे सी भाषेच्या 1989 च्या मानकावर आधारित ‘जीएनयू 89’ने बांधला जाई. त्यात लूपचे चल लूपच्या ओळीतच घोषित करता येत नसे. त्यामुळे लूप संपल्यावरही ते चल चुकून वापरले जाण्याची शक्यता राही. 2022 मधील 5.18 आवृत्तीत ‘जीएनयू 11’ स्वीकारल्यावर लूपच्या ओळीतच चल घोषित करण्याचा मार्ग मोकळा झाला. तिसरे, जुन्या कंपायलरचा आधार संपतो. किमान जीसीसी आवृत्ती लिनक्स 5.15 मध्ये (2021) 5.1, तर 6.16 मध्ये (2025) 8.1 झाली.

चाचणीचा भार : कंपायलरला एखादा फ्लॅग समजतो का, हे कर्नलची बिल्ड ‘सीसी-ऑप्शन’ या मॅक्रोने तपासते. रिकामी फाइल त्या फ्लॅगसह कंपाइल करून पाहिली जाते आणि त्रुटी आली तर तो वगळला जातो. मान्य असलेल्या सर्व आवृत्त्यांना फ्लॅग कळत असेल, तर ही तपासणी निरर्थक ठरते. एकच फाइल बदलून पुन्हा बिल्ड करतानाही या तपासणीत वेळ जातो. अशा वेळी तपासणी काढून फ्लॅग थेट लिहितात.

पद्धत : आधी गिटच्या इतिहासात फ्लॅग कधी आणि कशासाठी आला ते पाहतात. मग तो ठेवून आणि काढून दोनदा बिल्ड करतात व ऑब्जेक्ट फाइल ताडून पाहतात. त्या तंतोतंत सारख्या असतील, तर निदान त्या कंपायलरवर आणि त्या कॉन्फिगरेशनमध्ये फ्लॅग निष्क्रिय आहे. हीच तुलना इतर आर्किटेक्चरवर आणि क्लँग कंपायलरवरही करावी लागते.

जुने म्हणजे निरुपयोगी नव्हे : 2009 मध्ये लिनक्सच्या टन या आभासी नेटवर्क ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल आहे का, हे नंतर तपासले होते. वापरला त्याअर्थी तो नल नसणार, असे धरून जीसीसीने ती तपासणीच गाळली आणि त्यातून सुरक्षेला भगदाड पडले. त्यानंतर अशा तपासण्या गाळू नयेत असे सांगणारा ‘एफ-नो-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्स’ हा फ्लॅग बिल्डमध्ये आला. तो जुना असला तरी त्याचे कारण आजही शिल्लक आहे. म्हणून कारण समजल्याखेरीज कोणताही फ्लॅग काढू नये.

भारतातील अभ्यास : कंपायलरच्या अंतरंगाचे शिक्षण देण्यात आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरचे काम मोलाचे आहे. प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने तेथे जीसीसीच्या रचनेवर कार्यशाळा झाल्या. कर्नल आणि जीसीसी दोन्हींचा सोर्स कोड खुला असल्याने सूरत, पुणे वा कोल्हापूरच्या विद्यार्थ्यालाही साध्या संगणकावर हा अभ्यास करता येतो.