एकटीसाठी एक टेबल

मागच्या महिन्यात माझ्या लेकीला मुंबईत दोन दिवसांचे काम निघाले. एक दिवस माटुंग्याला, एक दिवस फोर्टात. घणसोलीहून रोज जाऊन-येऊन करता येते, त्यामुळे राहण्याची काळजी नव्हती. प्रश्न दुपारच्या जेवणाचा होता. तिने विचारले, "अम्मी, एकटीने जेवायला कुठे बसू?"

सासूबाई म्हणाल्या, "डबा ने." तिचे अब्बा म्हणाले, "मोबाईलवरून मागव आणि बाकावर बसून खा." मी शिक्षिका. कागद-पेन घेऊन यादी करायला बसले. चार नावे लिहिली आणि सवयीने प्रत्येक नावापुढे साल लिहिले. लेक हसली, "मी जेवायची जागा विचारली, तू इतिहासाचा तास सुरू केलास." तास तर तास. तो इथेही घेते, कारण "एकटीने कुठे बसू" हा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही.

आधी आमच्या गावाचे सांगते. घणसोली हे ठाणे खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात गाव उतरले म्हणून आजही त्याला स्वातंत्र्यसैनिकांचे गाव म्हणतात. भात, मीठ आणि मासळी यांवर जगणाऱ्या अशा गावात पैसे देऊन जेवण्याची जागा लागत नसे. पाहुणा आला तर कुणाच्या तरी घरी तांदळाची भाकरी आणि कालवण मिळायचेच. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले, 1970 मध्ये सिडको आली, जमिनी गेल्या. कारखान्यात बाहेरगावचा माणूस एकटा आला आणि त्याच्या मागोमाग चहाची टपरी आणि राईस प्लेट आली. म्हणजे हॉटेल गावात हौसेने आले नाही, एकट्या माणसामागून आले.

मुंबईत हेच शंभर वर्षे आधी घडले होते. गिरण्या आणि गोदी सुरू झाल्या तसा कोकणातून आणि घाटावरून माणूस आला. तो बायकामुले गावी ठेवून आला. एकेका खोलीत गावकीचे दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीने झोपत. माझे आजोबाही चिपळूणकडचे, गोदीत कामाला होते आणि डोंगरीत अशाच एका खोलीत राहायचे. खोलीत पथारीपुरती जागा, चूल कुठून असणार? मग जेवायचे कुठे?

गिरणगावात याला उत्तर मिळाले खानावळीचे. चाळीतल्या बायका आपल्याच खोलीत दहा-वीस गिरणी कामगारांचा दोन वेळचा स्वयंपाक करत आणि महिन्याच्या पगाराला पैसे घेत. त्यातल्या कितीतरी विधवा होत्या, कितींचे नवरे घरी बसलेले. संप झाला की कामगाराचा पगार थांबे, पण त्याची भूक थांबत नसे; तेव्हा या बायका उधारीवर जेवू घालत आणि स्वतः सावकाराच्या दारात जात. हे पाहूनच प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि खानावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. पुढे 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि गिरण्यांबरोबर ती खानावळही विझत गेली. गिरणी कामगाराचा इतिहास सांगताना आपण भोंगा आणि संप सांगतो. त्याची ताटे कोण वाढत होते, हेही सांगायला हवे.

दुसरे उत्तर इराण्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणच्या यज्द आणि केरमान भागांतून झरतुष्ट्री लोक मुंबईत आले. काही इराणी शिया मुसलमानही याच धंद्यात उतरले. रस्त्याच्या कोपऱ्यावरची दुकाने इथले व्यापारी अशुभ मानून टाळत आणि म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे सांगतात. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, काचेच्या बरण्यांत खारी आणि नानकटाई. धोबी तलावाच्या जेर महालातले कयानी 1904 चे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया 1923 चे. आता असे इराणी बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत.

इराण्याचे मोठेपण त्याच्या टेबलात होते. टेबल चौघांचे आणि तुम्ही एकटे, तर समोर कोणीही येऊन बसे. कोर्टाचा कारकून, घोडागाडीवाला, कॉलेजचा पोरगा, नट व्हायला आलेला कुणी. एका चहावर तासभर बसता येई. समोरच्याची जात किंवा धर्म विचारायची रीत तिथे नव्हती. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही. पण त्या काळी शेजारी कोण बसले आहे आणि ताट कोणी वाढले आहे, यावर माणूस बाटला की शुद्ध राहिला हे ठरत होते.

म्हणून तेव्हाच्या अनेक उपाहारगृहांच्या पाटीवर जात लिहिलेली असे. 'ब्राह्मणाची खानावळ' ही जाहिरातच होती. आत सोवळ्याने रांधले जाते, निश्चिंत या, असा तिचा अर्थ. दादरला 1910 पासून सुरू झालेले मामा काणे यांचे उपाहारगृह त्या काळातले. स्वच्छतेचा त्यांचा आग्रह प्रसिद्ध होता. आज तिथला बटाटेवडा कोणीही खातो, मीही खाल्ला आहे. पण जातीची पाटी हे त्या जमान्याचे वळण होते, आणि पाटी वाचून आत जाणारा जसा असतो तसा पाटी वाचून बाहेर थांबणाराही असतो.

बाहेर थांबणाऱ्याची गोष्ट पाहायची तर मुंबईच्या बाहेर पडावे लागते. 1917 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी सरायीत ते पारशी नाव सांगून राहिले, राहण्याजेवणाचे दिवसाला दीड रुपया देऊन. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे आली आणि त्यांना बाहेर काढले. इराण्याचे कौतुक करताना ही सराय विसरू नये. दार कोणत्याही समाजाचे असो, ते उघडेच असेल अशी खात्री नसते.

याच सुमाराची कोल्हापूरची गोष्ट मात्र उलटी आहे. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी असलेले दलित सेवक. सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली. हॉटेलाचे नाव 'सत्यसुधारक'. पण तिथे चहा प्यायला कोण येणार? तर स्वतः महाराज आले. गाडी थांबवून सगळ्यांदेखत चहा प्यायले आणि बरोबरच्यांनाही पाजला. राजाने मागितलेल्या त्या एका कपाने जे केले, ते हुकूमनाम्याने झाले नसते.

26 जानेवारी 1950 ला संविधान लागू झाले. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात मुलांना दाखवावी अशी एक गोष्ट आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा यांत कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे तिथे म्हटले आहे. देशाच्या सर्वोच्च कायद्यात उपाहारगृहाचा उल्लेख! वर्गात हे वाचून दाखवले की मुले हसतात. मग मी त्यांना बडोद्याची सराय सांगते. मग हसत नाहीत.

यादीत तिसरे नाव होते माटुंगा स्टेशनजवळचे ए. रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, 1942 चे. दक्षिणेतून नोकरीला आलेल्या एकट्या माणसांसाठी हे बोर्डिंग. केळीच्या पानावर भात, सार, रस्सम, भाजी, पापड. जागा होईल तिथे बसायचे, शेजारी अनोळखी माणूस. मी शाकाहारी नाही, पण मुंबईत एकट्या बाईने पहिल्यांदा जेवायचे असेल तर मी तिला इथेच पाठवीन. सगळ्यांचे लक्ष आपापल्या पानात असते.

चौथे नाव आमच्या ओळखीच्या मोहल्ल्यातले. शाळेसाठी उर्दू पुस्तके आणायला मी भेंडी बाजाराजवळच्या मकतबा जामियात जात असे. तिथून चार पावलांवर नूर मोहम्मदी, 1923 चे. त्यांची नळी निहारी नावाजलेली, आणि भिंतीवर एम. एफ. हुसेन यांनी काढून दिलेले चित्र. निहारी हा शब्द 'नहार'वरून आला, म्हणजे दिवस, सकाळ. रात्रभर मंद आचेवर शिजवायची आणि फजरच्या नमाजनंतर खायची. उर्दूत 'नहार मुँह' म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला. या भागातली हॉटेलेही एकट्या माणसानेच चालवली. गोदीतला हमाल, सुरतेचा-मालेगावचा व्यापारी, आणि हजला निघालेला यात्रेकरू. मुंबईहून हजला बोटी जात, 1995 पर्यंत गेल्या. बोटीची वाट बघत लोक क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम करत आणि आजूबाजूला जेवत. माझे आजोबाही याच गल्ल्यांतल्या भटारखान्यांत जेवले. सांगायचे, "पैसे नसले तरी रस्सा फुकट मिळायचा, रोटीचे तेवढे द्यायचे."

इथपर्यंतचा सगळा इतिहास एकट्या पुरुषाचा आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. खानावळीत बाई होती ती चुलीपाशी. इराण्याकडे बाई आली ती 'फॅमिली रूम'मध्ये, लाकडी फळ्यांच्या आडोशाला. त्या आडोशाला नावे ठेवणे सोपे आहे. माझ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा बाहेरचा चहा प्यायला तो त्याच आडोशाला, अब्बांबरोबर. तिला तो आडोसा कोंडवाडा वाटला नव्हता. पण त्या खोलीचे नावच सांगते की बाई येईल ती कुटुंबाबरोबर. एकटी आली तर ती कुठे बसणार?

हे मी अनुभवाने लिहिते आहे. पंधराएक वर्षांपूर्वी पुस्तकांची दोन जड बोचकी घेऊन मी दुपारी एका लहानशा हॉटेलात शिरले. नाव लिहीत नाही, ते आता तिथे नाहीही. गल्ल्यावरच्या माणसाने विचारले, "बाजी, साथ में कौन है?" म्हटले, "कोई नहीं." तो उद्धट नव्हता, उलट संकोचला. म्हणाला, "पार्सल ले जाइए ना." आत चार टेबले रिकामी होती. मी पार्सल घेतले आणि सँडहर्स्ट रोड स्टेशनच्या फलाटावर, बोचक्यांवर बसून कबाब-रोटी खाल्ली. रोटी गार झाली होती. परक्या वस्तीत असे झाले असते तर मी भांडले असते, चार ठिकाणी सांगितले असते. आपल्याच मोहल्ल्यात झाले म्हणून गप्प बसले. ते गप्प बसणे मला त्या रोटीपेक्षा जास्त सलते.

आपण मुसलमान म्हणून, भाड्याच्या घरापासून डब्यापर्यंत, कुठे कुठे दार बंद होते त्याची तक्रार करतो. ती खरी आहे आणि करायलाच हवी. पण पंधरावा अनुच्छेद धर्माबरोबर लिंगही म्हणतो. पहिला शब्द जोराने वाचायचा आणि दुसरा गिळायचा, असे चालणार नाही. आपल्या हॉटेलांत आता एकट्या मुली दिसू लागल्या आहेत, मालकही अदबीने बसवतात. हा बदल जाहीरनाम्याने झाला नाही. नोकरी करणाऱ्या, भुकेल्या मुली आत शिरत राहिल्या म्हणून झाला.

संध्याकाळी शाळेतून येताना आमच्या गावठाणात एक घरगुती मेस लागते. महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत काम करणारी मुले-मुली तिथे जेवतात. कोणी बिहारचे, कोणी लातूरचे, कोणी केरळचे. वाढणारी बाई आगरी, भाकरी तांदळाची. दारात चपलांचा ढीग. गिरणगावात विझलेली चूल इथे पेटली आहे. फरक इतकाच, की जेवणाऱ्यांत आता मुलीही आहेत, आणि त्यांना कोणी 'बरोबर कोण आहे' असे विचारत नाही.

लेक पहिल्या दिवशी माटुंग्याला जेवली. दुसऱ्या दिवशी फोर्टातले काम आटोपून कयानीत गेली. दुपारी तिचा फोन आला. मागे कपबशांचा आवाज येत होता.

"अम्मी, जागा मिळाली. समोर एक आजोबा येऊन बसलेत, तेही एकटेच आहेत."

"मग?"

"ते म्हणतात, बन मस्का चहात बुडवूनच खायचा. खरं आहे का?"

म्हटले, "खरं आहे. सावकाश खा."