डिझेलचा थेंब मोजणारा पंप

१/ १८९७. जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची चाचणी झाली. इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णतेचे त्याने कामात रूपांतर केले. त्या काळच्या उत्तम वाफेच्या इंजिनांनाही हे साधले नव्हते. तरीही हे इंजिन मालमोटारीत बसायला पाव शतक लोटले. अडले कोठे? थेंबभर तेल मोजण्यात.

२/ या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. त्या दाबाविरुद्ध तेल आत घालायचे, तर त्याहून कितीतरी मोठा दाब हवा. दट्ट्याचा पंप तो देऊ शकतो. कठीण असते ते माप.

३/ इंजिन रिकामे फिरत असताना एका सिलिंडरला एका वेळी थेंबाचा लहानसा अंशच लागतो. तोही मिनिटाला शेकडो वेळा, प्रत्येक वेळी तेवढाच.

४/ डिझेल यांनी दाबलेल्या हवेच्या झोताने तेल आत फवारले. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. तो जड होता आणि इंजिनाचीच शक्ती खात असे. कारखान्यांत व जहाजांत हे चालले, रस्त्यावर नाही. १९१३ मध्ये डिझेल यांचा मृत्यू झाला, तेव्हाही स्थिती हीच होती.

५/ मग दट्ट्याची धाव कमी का करू नये? कारण मोठ्या दाबाखाली तेलही किंचित आकसते, नळी किंचित फुगते, फटीतून गळती होते. तोकडी धाव यातच खर्ची पडते. दाब सावकाश चढला, तर फवारा न होता तेल ठिबकते आणि काळा धूर निघतो.

६/ १९२२ मध्ये श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांनी हा प्रश्न हाती घेतला. १९२७ मध्ये त्यांच्या पंपाचे नियमित उत्पादन सुरू झाले. त्यात दट्ट्याची धाव कधीच बदलत नाही. दट्ट्या वर सरकताना तेलाचे छिद्र झाकतो आणि दाब झटकन चढतो. त्याच्या अंगावर तिरकी खाच असते. ती छिद्रासमोर येताच दाब सुटतो आणि उरलेले तेल मागे परतते.

७/ दट्ट्या स्वतःभोवती थोडा फिरवला, की खाच छिद्राशी लवकर वा उशिरा येते. माप बदलते, दाब टिकतो. दट्ट्या आणि नळकांडे यांत फट असते मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांची. म्हणून दोन्ही जोडीनेच घासून बसवतात, जोडी मोडता येत नाही.

८/ १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझची डिझेल मोटारगाडी आली. पुढे महाराष्ट्रातील विहिरींवर धडधडणाऱ्या डिझेल इंजिनांतही हीच तिरकी खाच तेल मोजत राहिली. पंप प्रत्येक वेळी पूर्ण धाव घेतो. थेंब मोजला जातो तो उरलेले तेल नेमक्या क्षणी परत सोडून.